तारणाचा रकाना

बँकेतल्या माणसाला 'तारण' हा शब्द भेटतो तो कर्जाच्या अर्जातला एक रकाना म्हणून. सोनेतारण, मालतारण, विनातारण. ज्याच्यापाशी काही आहे त्यालाच कर्ज द्यायचे, आणि ज्याला कर्जाची खरी गरज आहे त्याच्यापाशी काहीच नसते, हा या धंद्यातला जुना विनोद. आमच्या पिढीतले अधिकारी त्यावर हसत आणि पुढचा अर्ज ओढून घेत. ह्याच शब्दाला मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी अगदी उलटा अर्थ आहे, हे मला तिशीत पोहोचेपर्यंत ठाऊक नव्हते. तिथे तारण माणसाने द्यायचे नसते, त्याला मिळायचे असते.

हे कळले ते नव्वद-एक्क्याण्णव साली. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या एका शाखेत मी तेव्हा होतो. आमचे दफ्तरी वयाने माझ्याहून बरेच मोठे, त्यांना सगळी शाखा काका म्हणे. घरावरचे पत्रे बदलायला त्यांनी कर्मचारी कर्जाचा अर्ज भरायला घेतला आणि एका रकान्यापाशी थबकले.

"साहेब, इथं तारण काय लिवू?"

"विनातारण लिहा काका. दोन जामीनदार दिले की झाले."

ते हसले. म्हणाले, "माही माय हे आयकन तं रडन. तिले रात्रंदिवस तेच भेव हाये."

त्यांची आई तेव्हा सत्तरीच्या पुढची, मिशनच्या आवारातल्या एका खोलीत राहत असे. काकांच्या आग्रहाखातर एका रविवारी मी गेलो. तिची आई, म्हणजे काकांची आजी, १८९९-१९०० च्या दुष्काळात पाच-सहा वर्षांची असताना कोणीतरी मिशनच्या अनाथाश्रमात आणून सोडलेली. गाव आठवत नव्हते, आडनाव आठवत नव्हते. भूक तेवढी आठवत होती. नाव तिथेच मिळाले, धर्मही तिथेच मिळाला. म्हातारी मला म्हणाली ते असे :

"माही माय भाकरीसाठी आली, साहेब. देवासाठी नाही आली. मी तिच्या पोटी झाली म्हून ख्रिस्ती. पाळकसाहेब सांगतात, देवावर पूर्ण मनानं प्रीती करा. मले त्याचं भेव वाटते. प्रीती कवा वाटली, ते काही आठवत नाही. मंग माहं तारण होईन का?"

मी गजानन महाराजांची तसबीर असलेल्या घरातला. बायबल कधी उघडून पाहिलेले नव्हते. "होईल आजी, का नाही होणार," असे काहीसे बोलून चहा घेऊन मी निघालो. अर्ज वरच्या कार्यालयात पाठवला आहे, असे आम्ही गिऱ्हाइकाला सांगत असू, त्याच जातीचे ते उत्तर होते. पण प्रश्न मागे लागला, तो आजतागायत. देवावर प्रेम नसेल तर ख्रिस्ती माणसाचे तारण होते की नाही? हा प्रश्न फक्त एका म्हातारीचा नाही. 'पोटासाठी बाटलेले' हा शिक्का वऱ्हाडातल्या, नगर जिल्ह्यातल्या, मराठवाड्यातल्या हजारो कुटुंबांवर शंभर वर्षे मारला गेला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. यांचे देवावर प्रेम कुठे होते, असे बाहेरचे विचारत आले. या म्हातारीने तो शिक्का स्वतःच्या हाताने स्वतःवर मारून घेतला होता, एवढेच.

वऱ्हाडात हे मिशन आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. अमेरिकेत ए. बी. सिम्प्सन यांनी स्थापलेल्या अलायन्स मिशनने अकोला, खामगाव, बुलढाणा या गावांत ठाणी केली. सिम्प्सन यांच्या शिकवणुकीचे चार खांब : ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा. चारही ठिकाणी कर्ता ख्रिस्त आहे. माणसाने काय करायचे ते त्या चौकटीत लिहिलेलेच नाही. तरी त्याच चौकटीत वाढलेल्या म्हातारीला वाटत होते की आपल्याकडून एक हप्ता भरायचा राहिला आहे.

तिचे वाटणे अगदीच निराधार होते असेही नाही. सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारल्यावर येशूने जुन्या करारातली, संपूर्ण मनाने देवावर प्रीती करण्याची आज्ञाच सांगितली. पौलाने करिंथकरांना लिहिले की डोंगर हलवणारा विश्वास असला तरी प्रीतीवाचून माणूस कुचकामी. आणि त्याच पत्राच्या शेवटी, प्रभूवर प्रीती न करणाऱ्याला शापही दिला. याकोबाने तर बजावले की देव एकच आहे असा विश्वास भुतेसुद्धा धरतात, आणि कापतात. म्हणजे नुसता विश्वास धरून कापत बसणे हे भुताचे लक्षण. आजींना ही ओळ पाठ असावी अशी मला शंका आहे.

उलट तोच पौल रोमकरांना सांगतो की माणूस नीतिमान ठरतो तो विश्वासाने, नियमशास्त्र पाळून नव्हे. आणि प्रीती करा ही तर नियमशास्त्रातली पहिली आज्ञा. मग ती न पाळणाऱ्याचे काय? यावरून युरोपात चर्च फुटले. ल्यूथरचे म्हणणे असे की प्रेम हे झाडाला येणारे फळ आहे. फळे आणून दाखव, मग झाड लावू देतो, असे देव म्हणत नाही. त्याला उत्तर म्हणून १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवले की आशा आणि प्रीती यांची जोड नसलेला विश्वास माणसाला ख्रिस्ताशी पुरता जोडत नाही. पण त्याच परिषदेने १५५१ मध्ये भीतीपोटी केलेल्या पश्चात्तापालाही पापकबुलीच्या संस्कारात जागा ठेवली. मग पुढची शंभर वर्षे वाद, की ती भीती पुरे की तिच्यात प्रेमाचा निदान एक थेंब हवा? जेझुइट पंडितांनी माणसाला देवावर प्रेम करण्याच्या बंधनातूनच सोडवले, असा घणाघात पास्कालने १६५६ च्या आपल्या दहाव्या पत्रात केला. शेवटी १६६७ साली पोप सातवे अलेक्झांडर यांनी फर्मान काढले की या मुद्द्यावर एकाने दुसऱ्याला पाखंडी म्हणू नये. थोडक्यात, फाइल प्रलंबित. अर्जावर असा शेरा मीही अनेकदा मारला आहे, तेव्हा पोपसाहेबांना दोष देणार नाही. १९९९ साली ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरपंथीयांनी संयुक्त निवेदन काढले : स्वीकार होतो तो केवळ कृपेने, आपल्या लायकीने नव्हे. इतक्या वर्षांनी का होईना.

पण मला या वादाची चावी सापडली ती लूकच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायात, आणि ती बँकेच्या भाषेत होती. शिमोन नावाच्या परूश्याकडे येशू जेवायला गेला आहे. गावात बदनाम असलेली एक बाई आत येते, त्याचे पाय आसवांनी भिजवते, केसांनी पुसते, सुगंधी तेल लावते. शिमोन मनातल्या मनात नाक मुरडतो. येशू त्याला एक हिशेब घालतो. एका सावकाराचे दोन ऋणको, एकाकडे पाचशे दिनार, दुसऱ्याकडे पन्नास. दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. दोघांकडेही फेडायला काही नव्हते, सावकाराने दोघांनाही सोडले. जास्त प्रेम कोण करील? ज्याला जास्त सोडले तो, असे शिमोन उत्तरतो.

इथवर सरळ आहे : आधी माफी, मग प्रेम. पण लगेच पुढे येशू त्या बाईबद्दल बोलतो ते असे की हिच्या पुष्कळ पापांची क्षमा झाली आहे, कारण हिने पुष्कळ प्रीती केली. आता हे 'कारण' कशाचे? प्रेम केले म्हणून माफी झाली, की माफी झाली हे तिच्या प्रेमावरून दिसते? कॅथलिक पंडितांनी पहिला अर्थ धरला, ल्यूथरच्या बाजूच्यांनी दुसरा. माझ्यासारख्या परक्याला विचाराल तर हिशेब ज्याने घातला त्याच्या हिशेबाप्रमाणे वाचावे. ऋणको प्रेमळ होते म्हणून सावकाराने सोडले, असे त्या दृष्टांतात कुठेही नाही. सोडण्याचे कारण एकच दिले आहे, त्यांच्यापाशी काही नव्हते.

गंमत अशी की हे वाचले तेव्हा आमच्या शाखेत खरोखरीची कर्जमाफी ताजी होती. १९९० साली केंद्र सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतची शेतकऱ्यांची थकीत कर्जे माफ केली. २००८ ला केंद्राने आणि २०१७, २०१९ ला राज्याने पुन्हा माफी दिली, तेव्हा वाचकांना त्या याद्या आणि ती गर्दी नव्याने सांगायला नको. ज्यांनी वेळेवर फेडले होते ते काउंटरवर येऊन आम्हाला शिव्या देऊन गेले, शिमोनाचेच भाऊबंद. पण ज्यांचे माफ झाले त्यांना आमच्याबद्दल प्रेम वाटले काय? येशूचा हिशेब माझ्या शाखेत काही उतरला नाही. दहा हजार सुटलेला माणूस रस्त्यात भेटला तर दुसरीकडे पाहू लागे.

अपवाद एकच. शेळ्यांसाठी घेतलेले किरकोळ कर्ज सुटलेली एक बाई दिवाळीत दोन भोपळे घेऊन शाखेत आली. तिची समजूत अशी की साहेबांनी आपल्या पगारातून भरले. मी तिला नीट समजावले की हे सरकारने भरले आहे, माझा यात एक पैसा नाही. तिने ऐकून घेतले आणि पुढच्या वर्षी पुन्हा भोपळा आणला. तेव्हा मला वाटले, बाई अडाणी. आता वाटते, आमच्या सगळ्या शाखेत कर्जमाफीचा अर्थ तिलाच कळला होता. माफ केलेले कर्ज हवेत विरत नसते. ते कोणाच्या तरी नावे पडतेच. कोणाच्या नावे पडले हे ज्याला दिसत नाही त्याच्या लेखी ती नुसती योजना, आणि योजनेवर कोणी प्रेम करीत नाही. कोणीतरी पदरचे घालून मला सोडवले, हे दिसले तरच भोपळा निघतो. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा नेमका हाच आहे, की ते कर्ज सोडणाऱ्याने स्वतःच्या अंगावर घेतले, क्रुसावर.

वऱ्हाडातल्या जेनी फुलर या मिशनरी बाईंनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या दुःखांवर १९०० साली एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. रमाबाईंचे नाव इथे घेतो ते एवढ्यासाठी की या प्रश्नावर त्यांच्याइतकी चोख साक्ष दुसऱ्या कोणा मराठी माणसाची नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. आधीची कित्येक वर्षे संस्कृत, शास्त्रे, मग ब्राह्मो विचार, मग बायबल, असे पारखून-निरखून त्यांनी पाऊल टाकले. विश्वास होता, विद्या होती, सेवा होती. आणि तरी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या कबूल करतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जीव जो ख्रिस्त तो सापडला नव्हता. योजना हाती होती, सोडवणारा दिसला नव्हता, असे मी माझ्या भाषेत म्हणेन. विल्यम हॅस्लम नावाचा एक इंग्रज पाद्री असाच वर्षानुवर्षे उपदेश करीत राहिला आणि एक दिवस व्यासपीठावर उभा असतानाच त्याला स्वतःच्या उपदेशाचा अर्थ कळला. त्याचे पुस्तक वाचून रमाबाईंना आपली उणीव दिसली.

मग त्या आठ वर्षांत रमाबाई तरलेल्या नव्हत्या काय? त्या तसे लिहीत नाहीत. आधी तयारी करून, योग्यता आणून मग देवाकडे जायचे, ही समजूत त्यांनी सोडली, एवढे त्यांच्या सांगण्यातून स्पष्ट होते. आणि त्यानंतर त्या काय करतात ते पाहण्याजोगे आहे. १८९७ मध्ये मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली-बायका त्यांनी केडगावला आणल्या. स्वतः त्यांनी १८७० च्या दशकातल्या उपासमारीत आई, वडील, बहीण गमावलेली होती. त्या मुलींना आत घेताना त्यांनी काय विचारले असेल? देवावर प्रीती आहे का, असे नक्कीच नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मार्ग निराळा. त्यांचा पिंडच भक्ताचा. ते ख्रिस्ताकडे गेले ते तुकोबांच्या वाटेने, आणि तसे सांगत. पण त्यांच्याच घरात लक्ष्मीबाई. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांचा बाप्तिस्मा झाला. 'स्मृतिचित्रे' मध्ये देवप्रेमाचे उमाळे शोधायला जाल तर हाती लागतो तो नवऱ्यावरचा राग, सोवळ्याओवळ्याची हळूहळू झालेली फेड आणि भोवतीच्या माणसांची माया. एकाच छपराखाली एकजण प्रेमाने आत आला, दुसरी पायरीपायरीने. कमी-जास्त कोण, हे ठरवायला मी तयार नाही.

आपल्या पुराणांना तरी हे नवे कुठे आहे? अजामिळाने मरताना हाक मारली ती पोटच्या पोराला, देवाला नव्हे. तेवढ्यावर तो सुटला. कंस भीतीने सुटला, शिशुपाल द्वेषाने. शेगावचे घ्या. १८७८ साली गजानन महाराज लोकांच्या नजरेस पडले ते उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आजही तिथे महाप्रसादाच्या रांगेत उभे राहा. तुमची भक्ती किती, हे कोणी विचारणार नाही. पोटासाठी रांगेत उभा राहिलेला माणूस तिथे भाविकच धरला जातो. मग मिशनच्या दारात भाकरीसाठी उभ्या राहिलेल्या पाच वर्षांच्या पोरीलाच आपण प्रेमाचा दाखला का मागावा? आमच्या जिल्ह्याला उत्तरेकडून लागून असलेल्या मध्य प्रदेशाने १९६८ साली प्रलोभनाने होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदा केला आणि २०२१ साली तो बदलून नवा आणला. फसवणूक आणि जबरदस्ती रोखायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण भुकेल्याच्या मनात भाकरी किती आणि देव किती, याचे मूल्यांकन करणारा अधिकारी मला अजून भेटायचा आहे. मालमत्तेचे मूल्यांकन करताना आमची त्रेधा उडत असे.

याचा अर्थ प्रेम झाले काय, न झाले काय, सारखेच, असे मी म्हणत नाही. ख्रिस्ती कल्पनेतले तारण म्हणजे नरकातून सुटल्याची पावती नव्हे. देवापाशी राहायला मिळणे हेच तारण. आणि ज्याच्यावर प्रेम नाही त्याच्यापाशी कायमचे राहणे ही शिक्षाच व्हायची. मराठी बायबलने इथे 'भक्ती' हा आयता शब्द न घेता 'प्रीती' घेतला, तोही मला अर्थपूर्ण वाटतो; भक्ती खालून वर जाते, प्रीती दोन्ही बाजूंनी चालते. योहान तर म्हणतो की आधी त्याने केली, म्हणून आपण करतो. तेव्हा प्रेम लागतेच, पण ते खाते उघडण्याची अट म्हणून नव्हे. खाते उघडून दिलेले असते. व्यवहार नाही झाला तर खाते निष्क्रिय होते, हे खरे. आणि आतले लोक मला हसतील, पण दहा वर्षे हात न लावलेली ठेवसुद्धा बुडत नाही. २०१४ पासून ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, आणि मालकाला किंवा वारसाला पुढेही मागता येते. देव रिझर्व्ह बँकेहून कडक असेल असे मानायला मी तयार नाही.

शिवाय प्रेम झाले की नाही हे ओळखायचे कसे? योहानाचीच कसोटी : दिसणाऱ्या भावावर प्रीती नसेल तर न दिसणाऱ्या देवावरची प्रीती खोटी. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तर उजवीकडे उभे केलेल्या लोकांना ठाऊकच नसते की आपण कधी प्रभूला जेवू घातले. ते उलट विचारतात, केव्हा घातले? आजींनीही तेच विचारले होते, प्रीती कवा वाटली ते आठवत नाही. काकांकडून नंतर कळले की दुष्काळातल्या त्या पोरीने आपल्या हयातीत एक नेम चालवला होता, आणि तो आजींनी पुढे चालवला : रात्री जेवणे झाल्यावर एक भाकरी फडक्यात बांधून बाजूला ठेवायची. कोणी आले तर. कोणी आले नाही तर सकाळी गाईला.

पहिल्या भेटीनंतर दोनेक महिन्यांनी मी पुन्हा आजींकडे गेलो. बायबलातला तो हिशेब आता मला पाठ झाला होता. मोठ्या उत्साहाने मी पाचशे आणि पन्नास दिनार मांडले. आधी माफी, मग प्रेम. तुम्ही उगाच आपल्याकडे हप्ता बाकी धरता, असे त्यांना पटवू लागलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या,

"साहेब, ते गणित येशूनं शिमोनाले घातलं होतं. त्या बाईले नाही घातलं. ते तं काही बोललीच नाही. तिले त्यानं इचारलंबी नाही, तुही प्रीती हाये का म्हून."

मी बायबल पुन्हा उघडून पाहिले. खरेच, त्या प्रसंगात ती बाई एक अक्षर बोलत नाही. तिला शेवटी म्हटले जाते ते असे की तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे, शांतीने जा.

"मग आता भीती गेली ना आजी?"

"नाही गेली," त्या म्हणाल्या. "पण हे मले आत्ताच आठवलं, तुमी सांगत होते तवा." आणि उठून चूल फुंकता फुंकता विचारले, "त्याच्या पत्र्याचं कर्ज मंजूर व्हईन ना पावसाच्या आंधी?"

झाले. मृगाच्या चार दिवस आधी पत्रे चढले.